शेवटची इयत्ता

भारतातल्या पंचवीस वर्षांवरच्या माणसाने सरासरी किती वर्षे शाळेत काढली आहेत? संयुक्त राष्ट्रांच्या २०२३-२४ च्या मानव विकास अहवालात याचे उत्तर ६.६ वर्षे असे दिले आहे. त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात दुसरा आकडा आहे. आज शाळेत पाऊल टाकणारे मूल, परिस्थिती आहे तशीच राहिली तर, साधारण १२.६ वर्षे शिकेल. म्हणजे मोठ्या माणसांनी सरासरीने सातवीही पूर्ण केलेली नाही आणि लहान मुले बारावी ओलांडण्याच्या बेतात आहेत. दुसऱ्या आकड्यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते: शाळा, पटसंख्या, गळती, शिक्षकभरती. पहिला आकडा मात्र सहसा नुसता वाचून सोडून दिला जातो. त्यात कोण माणसे आहेत आणि ती तिथे का थांबली, हे पाहण्यासारखे आहे.

पंचविशीची अट मुद्दाम घातलेली असते. त्या वयापर्यंत बहुतेकांचे औपचारिक शिक्षण जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. पुढे माणूस कामातून, संसारातून खूप शिकतो, पण कागदावरची त्याची इयत्ता सहसा बदलत नाही. विसाव्या वर्षी चौथी पास असलेली बाई साठाव्या वर्षीही चौथी पासच असते. म्हणून हा आकडा फार सावकाश हलतो. आजच्या शाळांबद्दल तो थोडेच सांगतो. वीस, चाळीस, साठ वर्षांपूर्वी गावात शाळा होती का, असली तर कितवीपर्यंत होती, मुलीला पाठवत होते का, दुष्काळात मुलाला शाळेतून काढून कामावर धाडले होते का, हे सगळे त्यात साठलेले असते.

व्हिएन्नाचे लोकसंख्याशास्त्रज्ञ वोल्फगांग लुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चित्रातून दाखवले आहे. लोकसंख्येचा नेहमीचा मनोरा, म्हणजे खाली लहान वयोगट, वर म्हातारे, डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, हा त्यांनी शिक्षणाच्या पातळ्यांप्रमाणे वेगवेगळ्या रंगांत रंगवला. दर पाच वर्षांनी प्रत्येक थर एकेक पायरी वर चढतो आणि आपला रंग बरोबर घेऊन चढतो. दक्षिण कोरियात आज २५ ते ३४ वयोगटातल्या शंभरातल्या सत्तर जणांचे उच्च शिक्षण झालेले आहे. त्याच देशात ५५ ते ६४ वयोगटात हे प्रमाण याच्या निम्म्याहून कमी आहे. देश एक, शहरे तीच, पण मुलगा आणि बाप दोन वेगळ्या काळांतल्या शाळांतून बाहेर पडलेले. आपल्याकडेही २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या माणसांत शंभरात ४४ साक्षर निघाले. त्यांत पुरुष ५९ आणि बायका अवघ्या २८. ही सगळी माणसे १९५१ पूर्वी जन्मलेली होती.

इथून एक सोयीचा निष्कर्ष निघतो आणि धोरण आखणारे तो वर्षानुवर्षे काढत आले आहेत. नव्या पिढीला शाळेत घाला, जुनी पिढी काळाच्या ओघात जाईल, आकडा आपोआप सुधारेल. गणित म्हणून यात चूक नाही. माझा आक्षेप त्या ‘आपोआप’ला आहे. शाळा न पाहिलेली पंचेचाळीस वर्षांची बाई अजून तीस वर्षे जगणार असते. त्या तीस वर्षांत तिला बँकेत जायचे असते, दवाखान्यातून औषधे घेऊन ती वेळेवर घ्यायची असतात, जमिनीच्या कागदावर सही करायची असते, मोबाइलवर आलेला संदेश खरा की फसवणुकीचा हे ओळखायचे असते. आकडा सुधारण्याची वाट पाहणे याचा अर्थ तिच्या जाण्याची वाट पाहणे असा होतो.

ती शाळेबाहेर राहिली हा योगायोग नव्हता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी स्पष्ट मांडले होते की सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. तेव्हा तिच्याकडे दुर्लक्ष झाले. १९११ च्या मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. त्यातली मागणी आज वाचताना फार माफक वाटते. ज्या भागात शाळेच्या वयाची ३३ टक्के मुले आधीच शाळेत जातात, तिथेच स्थानिक संस्थेला सक्ती करण्याची परवानगी द्यावी, एवढेच. वर्षभराने, १९ मार्च १९१२ ला, ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरात सहासुद्धा साक्षर नव्हते.

त्याच काळात दोन संस्थानांनी वेगळा रस्ता धरला. बडोद्यात सयाजीरावांनी अमरेली भागात १८९३ पासून सक्तीचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. राज्यकर्त्याने मनावर घेतले तर अडचणींतून वाट निघते हे तेव्हाच सिद्ध झाले होते. उरलेला देश थांबला, आणि त्या थांबण्याची किंमत पुढच्या तीन पिढ्यांनी भरली.

स्वातंत्र्यानंतर पहिली जनगणना १९५१ साली झाली. साक्षरता १८.३ टक्के. बायकांची ८.९ टक्के. संविधानाच्या पंचेचाळिसाव्या कलमाने राज्याला दहा वर्षांची मुदत दिली होती: १९६० पर्यंत चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचे शिक्षण. ती पाळली गेली असती तर १९५४ साली जन्मलेले एकही मूल शाळेबाहेर राहिले नसते. ती मुले आज सत्तरीत आहेत. प्रत्यक्षात शिक्षण हा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती लागली आणि त्याचा कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडला. मुदत चुकली ती पन्नास वर्षांनी. मधल्या काळात शाळा वाढल्या, टक्केवारी वाढली, पण लोकसंख्याही वेगाने वाढत होती, त्यामुळे निरक्षरांची प्रत्यक्ष संख्या १९९१ पर्यंत चढतच राहिली. ती पहिल्यांदा घटली १९९१ ते २००१ या दशकात. २०११ मध्येही सात वर्षांवरचे सुमारे अठ्ठावीस कोटी लोक निरक्षर होते.

आता हे मोजतात कसे ते पाहू, कारण मोजण्याच्या रीतीत बरेच काही दडते. जनगणनेत साक्षर म्हणजे कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारी, सात वर्षे किंवा त्याहून मोठी व्यक्ती. नुसते वाचता येते, लिहिता येत नाही, तर ती साक्षर नाही. परीक्षा मात्र घेत नाहीत. प्रगणक विचारतो, घरातला एखादा कर्ता माणूस सगळ्यांच्या वतीने सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पद्धत वेगळी आहे. तिथे कमी शिकलेल्या माणसापुढे एका वाक्याचे कार्ड धरतात आणि वाचायला सांगतात. दोन्ही रीतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

दुसरी गोष्ट वयाची. २०११ ची राष्ट्रीय साक्षरता ७३ टक्के सांगितली जाते, ती सात वर्षांवरच्यांची आहे. त्यात शाळेत जाणारी कोट्यवधी मुले धरलेली आहेत आणि ती बहुतेक साक्षरच असतात. पंधरा वर्षांवरच्यांपुरते पाहिले तर आकडा ६९ वर येतो. पुरुष ७९, बायका ५९. मुलांच्या दप्तरामागे मोठ्यांची निरक्षरता अशी चार टक्क्यांनी झाकली जाते.

साक्षरतेच्या पुढचा प्रश्न असतो पूर्ण केलेल्या शैक्षणिक पातळीचा: प्राथमिकपेक्षा कमी, प्राथमिक, माध्यमिकच्या आधीचा टप्पा, मॅट्रिक, उच्च माध्यमिक, पदविका, पदवी आणि पुढे. देशोदेशींच्या शाळा वेगवेगळ्या, म्हणून युनेस्कोने १९७६ पासून शिक्षणाचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण ठरवून दिले. आता त्याच्या शून्य ते आठ अशा पातळ्या आहेत, बालवाडीपासून पीएचडीपर्यंत. या शिडीवर भारताची वरची टोके कुठे होती? २०११ मध्ये पदवीधर आणि त्यापुढचे सुमारे ६.८ कोटी, म्हणजे पंधरा वर्षांवरच्या शंभरात आठ. शहरी मध्यमवर्गीय घरात वाढलेल्याला हा आकडा खोटा वाटतो. आपल्या इमारतीत, कचेरीत, नात्यात सगळेच पदवीधर दिसतात, पण देश त्या इमारतीबाहेर फार लांबवर पसरलेला आहे.

महाराष्ट्रात शिडीच्या पायऱ्यांवर माणसे कुठे थांबली हे पाहिले की मला त्यात शाळांच्या भिंती दिसतात. आपल्या जुन्या रचनेत चौथीपर्यंत गावातली शाळा, बहुधा एक किंवा दोन शिक्षकांची. पाचवी ते सातवी मोठ्या गावात. आठवीपासून हायस्कूल, ते बाजाराच्या गावी किंवा तालुक्याला. म्हणून चौथी, सातवी आणि दहावी हे तीन मुक्काम. गावातली शाळा जिथे संपली तिथे मुलीचे शिक्षण संपले, असे लाखो घरांत घडले. पुढच्या गावी जायला नदी, ओढा, चार-पाच किलोमीटरची वाट, वयात येणारी पोर आणि आईबापांची धास्ती. चौथीत पहिली आलेली मुलगी पाचवीत गेलीच नाही, याची कारणे तिच्या बुद्धीत शोधून सापडणार नाहीत. खेड्यातल्या मुलींना एसटीचा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना म्हणूनच मला शिक्षणखात्याच्या कित्येक परिपत्रकांपेक्षा मोलाची वाटते. तिने नेमका तो चार किलोमीटरचा अडसर ओळखला.

या पातळ्यांची किंमतही काळाबरोबर बदलते, आणि तक्त्यात ते दिसत नाही. जुनी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, पास झालेला माणूस एके काळी प्राथमिक शिक्षक किंवा तलाठी होऊ शकत असे. गावात त्याच्या अक्षराला मान होता, अर्ज लिहून घ्यायला लोक त्याच्या ओसरीवर येत. १९७५ पूर्वी एसएससी अकरावीला होती, जुनी मॅट्रिक म्हणतात ती. तिच्या जोरावर कचेऱ्यांत, बँकांत, रेल्वेत आयुष्यभराची नोकरी मिळे. आजच्या वर्गवारीत जुनी सातवीवाले दहावीच्या खालच्या खणात जातात आणि आज दहावी झालेल्या मुलाला शिपायाच्या जागेसाठीही पदवीधरांशी झुंजावे लागते. वर्षे मोजता येतात, त्या वर्षांनी माणसाला काय मिळवून दिले ते मोजणे अवघड आहे.

याच तक्त्यात एक फार मोठा वर्ग नाव न घेता लपलेला असतो: दहावी नापास. तो दहा वर्षे शाळेत गेला. गणितात किंवा इंग्रजीत राहिला, पुन्हा बसला किंवा बसला नाही. पूर्ण केलेली पातळी विचारली की तो एक पायरी खाली मोजला जातो. एका विषयातल्या थोड्या गुणांनी त्याचे दहावे वर्ष कागदावरून पुसले जाते. आयटीआयचे कितीतरी अभ्यासक्रम, साध्या सुरक्षारक्षकाच्या नोकरीची जाहिरात, सगळीकडे ‘किमान दहावी पास’. प्रौढांची शिक्षणपातळी वाढवायची तर सगळ्यांत कमी कष्टात वर येऊ शकणारा हा गट आहे, आणि त्याच्यासाठी आपण फार थोडे करतो.

बायकांच्या बाबतीत हे अंतर सगळ्यांत ठळक आहे. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांत दहा किंवा अधिक वर्षे शिकलेल्या ४१ टक्के निघाल्या. शहरात ५६, खेड्यात ३४. महाराष्ट्रात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. त्याच पाहणीत न शिकलेल्या बायकांचा एकूण जननदर २.८ आणि बारावी किंवा पुढे शिकलेल्यांचा १.८ आला. याचा अर्थ शाळेत लोकसंख्येचे धडे मिळतात म्हणून असे होते, असा नाही. शिकलेल्या मुलीचे लग्न उशिरा होते, दवाखान्यात ती स्वतः बोलू शकते, घरात तिचे म्हणणे थोडे अधिक ऐकले जाते. कुटुंबाचा आकार, मुलांचे आरोग्य, पुढच्या मुलीची शाळा, हे सगळे त्या थोड्या अधिक ऐकले जाण्यातून येते.

राज्याच्या आत काय स्थिती आहे? २०११ मध्ये महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के होती. मुंबई उपनगर जिल्हा नव्वदीला टेकलेला आणि नंदुरबार ६४ वर. नंदुरबारमध्ये दहातले जवळजवळ सात लोक आदिवासी, आणि सातपुड्यातल्या अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरांत पाडे एकमेकांपासून दूर विखुरलेले. शाळेची भाषा मराठी आणि घरची भाषा भिली, पावरी. मूल पहिलीत जाते तेव्हा गुरुजींचे बोलणेच त्याला परके असते. नर्मदेच्या खोऱ्यातल्या लोकांनी १९९० च्या दशकात चिमलखेडीपासून जीवनशाळा सुरू केल्या, त्यात घरच्या बोलीला जागा दिली. मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांच्या मुलांचे दुखणे निराळे आहे. दिवाळीनंतर कुटुंब कोयता घेऊन निघते, मूल बरोबर जाते, वर्ष हुकते. दोन-तीन वर्षे अशी हुकली की ते मूल पटावर असूनही शिकलेले नसते, आणि वीस वर्षांनी प्रौढांच्या तक्त्यात ‘प्राथमिकपेक्षा कमी’ या खणात सापडते.

शिक्षणपातळीवरून माणसाचे हक्क ठरवायला लागले की पिढ्यांचा हा प्रश्न एकदम टोकदार होतो. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीची निवडणूक लढवायला शिक्षणाची अट घातली. सर्वसाधारण उमेदवाराला दहावी, महिला आणि अनुसूचित जातींच्या उमेदवारांना आठवी, काही जागांना पाचवी. त्याच वर्षीच्या १० डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. ज्या बायकांसाठी गावात शाळाच नव्हती, त्यांना आता शाळा न शिकल्याबद्दल उमेदवारीला मुकावे लागले. राजस्थानाने अशीच अट घातली होती, ती २०१९ मध्ये मागे घेतली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये सरपंचपदासाठी सातवी पासची अट आणली, पण ती १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांपुरती ठेवली. त्या एका तारखेत मला मोठा विवेक दिसतो. जुन्या पिढीच्या माथी राज्याची चूक मारलेली नाही. तरीही कोयत्याबरोबर फिरलेल्या मुलीचा जन्म १९९५ नंतरचा असला तर ती या अटीत अडकते, हे विसरता कामा नये.

मोठ्यांना शिकवण्याचे प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहीत असे मुळीच नाही. १८५५ साली फुले दांपत्याने शेतकरी आणि कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. सगळ्या गावाने मिळून ठरवायचे, शिकलेल्याने न शिकलेल्याला शिकवायचे, गाव पूर्ण साक्षर झाले की समारंभ करायचा. चार-पाच वर्षांत ती राज्यभर पसरली. सरकारी खर्च अगदी थोडा होता, जोर गावाच्या ईर्षेवर होता. पण समारंभ झाल्यावर पुढे काय, याची तयारी नव्हती. नव्याने शिकलेल्यांपुढे वाचायला पुस्तके नाहीत, लिहिण्याचे निमित्त नाही, आणि कष्टाने गिरवलेली अक्षरे दोन-चार वर्षांत पुसट झाली. वाचन हे वापराने टिकणारे कौशल्य आहे. प्रौढाला बाराखडी शिकवून सोडून दिले तर तो पुन्हा निरक्षर होतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७८ ला सुरू झाला आणि राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ मध्ये. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्याने १९९० च्या फेब्रुवारीत संपूर्ण साक्षरता गाठली आणि १८ एप्रिल १९९१ ला सगळे केरळ साक्षर जाहीर झाले. महाराष्ट्रातही सिंधुदुर्ग आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यांत रात्री कंदिलाच्या उजेडात वर्ग भरले. पण या दोन्ही कार्यक्रमांचा भर १५ ते ३५ वयोगटावर होता. १९८८ मध्ये पस्तिशी ओलांडलेली माणसे, म्हणजे ज्यांच्या लहानपणी शाळा सगळ्यांत कमी होत्या तीच, योजनेच्या कडेला राहिली. कमावत्या वयावर खर्च केला तर उत्पादन वाढेल, असा त्यामागचा विचार. शिकण्याचा उपयोग उत्पादनापुरता असतो असे मानणे मला पटत नाही.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे छोटे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. गावातल्या साठी ते नव्वदीतल्या आज्या गुलाबी नऊवारी गणवेशात, खांद्याला दप्तर लावून, दुपारची कामे उरकून वर्गात बसू लागल्या. पाटीवर नाव लिहायचे, पाढे म्हणायचे, कविता म्हणायच्या. त्यांना नोकरी करायची नव्हती. पोथी स्वतः वाचावी, अंगठा न उठवता सही करावी, नातवाच्या वहीत काय लिहिले आहे ते कळावे, एवढी इच्छा. त्या शाळेची छायाचित्रे जगभर छापली गेली आणि पुष्कळांनी ती कौतुकाने पाहून सोडून दिली. माझ्या मते तो एक गंभीर शैक्षणिक प्रयोग होता. जागा घराजवळ, वेळ बायांच्या सोयीची, बरोबरीच्या बायांची सोबत आणि शिकण्याचा हेतू त्यांचा स्वतःचा. प्रौढशिक्षण कुठेही चालले ते या चार गोष्टी असल्या म्हणूनच.

२०२२ पासून केंद्राचा ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू आहे. पाच वर्षांत पाच कोटी लोकांचे उद्दिष्ट, वयाची वरची मर्यादा नाही, शिकवणारे स्वयंसेवक. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी पन्नास गुणांची चाचणी. साक्षरता ९५ टक्क्यांच्या पुढे गेली की राज्य पूर्ण साक्षर मानायचे, असा निकष आहे. त्याप्रमाणे गोव्याने ३० मे २०२५ ला, घटक राज्य दिनी, तशी घोषणा केली. वयाची मर्यादा काढली हे फार चांगले झाले. पण बजेट पाच वर्षांना १०३८ कोटींच्या घरात आहे. पाच कोटी माणसांत ते वाटले तर माणशी दोनशे रुपयांच्या आसपास पडतात. त्यात बाराखडी होईल, एक चाचणी होईल. साताऱ्यात साठ वर्षांपूर्वी जे चुकले, ते चाचणीनंतरच्या वर्षांत चुकले होते, आणि त्या वर्षांसाठी इथेही फारशी तरतूद दिसत नाही.

मुलांच्या बाजूनेही निश्चिंत राहता येत नाही. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. ही मुले लवकरच प्रौढांच्या तक्त्यात येतील. तिथे त्यांच्या नावापुढे आठवी, दहावी लिहिलेले असेल आणि सरासरी वर्षांचा आकडा वाढलेला दिसेल. वर्षे वाढली आणि वाचन तिथेच राहिले, तर वाढलेल्या आकड्यावर विसंबून आखलेल्या योजना फसतील.

राहतो प्रश्न मधल्या वयाचा: पंचवीस ते पन्नासची, चौथी, सातवी किंवा नापास दहावीवर थांबलेली माणसे. यांना साक्षरतेचा वर्ग नको आहे, पुढची इयत्ता हवी आहे. दारे आहेत. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून शाळेत न जाता दहावी-बारावीला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तिसरी, पाचवी, आठवीच्या पातळीच्या परीक्षा मोठ्यांनाही देता येतात. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळही पाचवी आणि आठवीची परीक्षा घेते. नाशिकला १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. मुंबईत गिरण्यांच्या काळापासूनच्या रात्रशाळा अजून चालतात. दिवसभर कॅन्टीनमध्ये, कुरिअरच्या ऑफिसात, दुकानात राबून पोरे संध्याकाळी बाकावर बसतात. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’मध्येही हाच विचार होता: काम करणाऱ्याने काम सोडून शिकायला यावे असे म्हणू नका, शाळाच त्याच्या वेळेला उघडा.

ही दारे खेड्यात मात्र जवळजवळ बंद आहेत. तालुक्याच्या गावाबाहेर रात्रशाळा सहसा सापडत नाही. सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती गावातल्या हायस्कूलच्या कारकुनाकडे असते, बचत गटातल्या बाईपर्यंत ती पोचत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा संध्याकाळी पाचनंतर रिकाम्या असतात, त्यांत वीज आहे, फळा आहे. गावातच बारावी किंवा बीए होऊन बसलेली, शिकवू शकतील अशी मुलेमुली आहेत. त्यांना मानधन द्यावे, आठवड्यातले चार दिवस दीड तास वर्ग भरवावा आणि परीक्षेची फी ग्रामपंचायतीने भरावी. सुरुवात दहावीला एक-दोन विषयांत राहिलेल्यांपासून करावी, कारण त्यांना एका वर्षात निकाल दिसेल आणि त्यांच्याकडे पाहून सातवीवाल्या बाया वर्गात येतील.